मतदान वाढवायचंय? मग आधी यादी उघडा

निवडणूक जाहीर झाली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र हमखास येतं. शाई लावलेलं बोट, मागे तिरंगा, खाली ‘मतदान हा आपला पवित्र हक्क’. त्यावर पंधरा अंगठे पडतात. मतदानाच्या दिवशी त्या पंधरांतले चार लोणावळ्याला असतात, दोघांची नावं यादीत सापडत नाहीत, एकीचं नाव लग्नाला सहा वर्षं झाली तरी माहेरच्या गावात असतं आणि एक काका ‘ऊन उतरल्यावर जाऊ’ म्हणत झोपून जातात.

आपल्या इमारतीत, वस्तीत, गावात मतदान वाढावं म्हणून पहिल्यांदाच काही करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. यातलं बरंचसं मी पक्षांच्या बूथवाल्यांकडे बघून शिकलो. त्यांना फक्त आपली मतं बाहेर काढायची असतात, आपल्याला सगळ्यांची.

आधी काही आकडे. २०२४च्या विधानसभेला आयोगाने मतदान मुद्दाम बुधवारी ठेवलं, २० नोव्हेंबरला, म्हणजे शनिवार-रविवारला जोडून कुणी सहलीला जाऊ नये. राज्याचं मतदान ६६ टक्क्यांवर गेलं, २०१९च्या सुमारे ६१ टक्क्यांपेक्षा बरंच वर. तरी कुलाब्यात ते ४५ टक्क्यांच्या आतच राहिलं आणि कोल्हापूरच्या करवीरमध्ये ८४ टक्के ओलांडून गेलं. यावर ‘शहरी माणूस आळशी’ असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. गावात मतदाराला नावाने ओळखणारा माणूस दारात येतो. महानगरात समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे ठाऊक नसतं आणि यादीत मात्र घर विकून केव्हाच गेलेल्यांची, वारलेल्यांची, भाडं परवडेना म्हणून विरारला सरकलेल्यांची नावं तशीच असतात. टक्केवारी काढताना ती सगळी भागाकारात खाली जाऊन बसतात. म्हणजे ज्याला आपण उदासीनता म्हणतो, तिचा एक मोठा भाग कागदावरचा घोळ असतो. तो निवडणुकीच्या आठवड्यात निस्तरता येत नाही. त्याला चार-सहा महिने आधी लागावं लागतं.

पायरी पहिली : हद्द आखून घ्या

सगळा वॉर्ड अंगावर घेऊ नका. एक मतदान केंद्र, म्हणजे यादीचा एक भाग, एवढंच घ्या. एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार असतात. दोन-तीन मोठ्या इमारती किंवा एक गल्ली. तीन-चार माणसांनी मिळून केलं तर झेपतं. त्या चौघांत एक तरी बाई हवी, कारण दुपारी दार उघडणाऱ्या बायका असतात आणि अनोळखी पुरुषाला त्या जाळीच्या दारामागूनच ‘साहेब घरी नाहीत’ म्हणून वाटेला लावतात.

चौघं चार पक्षांची असली तर उत्तमच. आमच्यातले दोघं वर्षभर एकमेकांशी राजकारणावरून भांडतात आणि त्यामुळेच आमच्यावर कुणी शंका घेत नाही.

पायरी दुसरी : यादी वाचा

हे खरं काम आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघ आणि यादी भाग निवडला की पीडीएफ उतरवता येते. मराठीत असते, मतदारांचे फोटो नसतात. आपला भाग क्रमांक माहीत नसेल तर आपल्या मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाकून voters.eci.gov.in या केंद्रीय निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर शोधण्यापेक्षा सोपी वाट म्हणजे १९५० वर फोन करणं. तिथे भाग क्रमांक आणि अनुक्रमांक दोन्ही मिळतात.

यादी कागदावर छापून घ्या. मोबाइलवर वाचून हे काम होत नाही. मग एका संध्याकाळी सोसायटीच्या जुन्या सेक्रेटरींना, किंवा गल्लीत तीस वर्षं दुकान असलेल्या माणसाला चहाला बोलवा आणि एकेक नाव वाचत जा. गावाकडे याला चावडी वाचन म्हणतात. आधी यादीतली नावं वाचायची, मग उलटं, घरांवरून यादीकडे यायचं : अ विंग, पहिला मजला, कोण राहतं, नाव आहे का.

पेन्सिलीने खुणा करा. ‘म’ म्हणजे मयत. ‘स्थ’ म्हणजे स्थलांतरित. ‘दु’ म्हणजे दुबार, एकाच माणसाचं नाव दोनदा. ‘चु’ म्हणजे नाव, वय, लिंग किंवा वडिलांच्या-नवऱ्याच्या नावात चूक. आणि समासात लिहायची ती नावं, जी राहतात पण यादीत नाहीत. ही समासातली यादी तुमची सगळ्यात मोलाची.

वाचताना गमती सापडतात. सोनावणे, सोनवणे आणि सोनावने हे एकाच घरातले तीन भाऊ असू शकतात. एका आजींचं वय यादीत त्यांच्या मुलापेक्षा कमी होतं. घर क्रमांकाच्या रकान्यात नुसतीच रेघ असते, त्यामुळे एकाच कुटुंबातले नवरा-बायको यादीत लांब लांब पडतात, क्वचित वेगळ्या केंद्रावरही. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. नवऱ्याचं केंद्र शाळेत आणि बायकोचं पलीकडच्या रस्त्यावर असेल, तर दोघांपैकी एकाचं मत बहुधा बुडतं.

एक पथ्य. यादी सार्वजनिक असली तरी तिचे फोटो ग्रुपवर टाकू नका. लोकांची नावं, वयं, घरं त्यात आहेत. आणि या कामासाठी कुणाचं आधार कार्ड स्वतःच्या मोबाइलमध्ये साठवून ठेवू नका.

पायरी तिसरी : कुणाला कोणता फॉर्म

तीन फॉर्म लक्षात ठेवले की पुरे.

फॉर्म ६ : नवीन नावासाठी. १८ वर्षं पूर्ण झाल्याची तारीख पूर्वी फक्त १ जानेवारीच धरत. २०२२पासून वर्षातून चार पात्रता तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्जही करता येतो. बारावीच्या वर्गात बसलेली मुलं हाताशी असतानाच हे उरकावं. पुढच्या वर्षी ती कॉलेजात पांगतात आणि मग पंचविसाव्या वर्षापर्यंत सापडत नाहीत.

फॉर्म ८ : पत्ता बदलला, नावात दुरुस्ती, ओळखपत्र हरवलं, अपंगत्वाची नोंद करायची, या सगळ्याला हाच. पत्ता बदलणाऱ्यांनी फॉर्म ६ भरू नये. भरला तर नाव दोन ठिकाणी येतं, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी नोंद ठेवणं कायद्यात बसत नाही. लग्न होऊन आलेल्या मुलींची नावं याच फॉर्मने आणायची. माझ्या अनुभवात समासातल्या यादीत सगळ्यात जास्त याच असतात आणि घरात कुणाच्याही ते लक्षात आलेलं नसतं. सासरी आल्यावर गॅसच्या कार्डापासून रेशन कार्डापर्यंत सगळीकडे नाव चढतं, मतदार यादीचं राहून जातं.

फॉर्म ७ : नाव वगळण्यासाठी. वारलेल्या माणसाच्या घरच्यांनी मृत्यूच्या दाखल्यासह भरावा. दुसऱ्यांच्या नावावर तुम्ही हा फॉर्म भरायला जाऊ नका. ‘तो इथे राहत नाही’ असं तुम्हाला वाटतं आणि तो नोकरीसाठी तीन महिने बाहेर गेलेला असतो. खोटं निवेदन दिल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे.

पत्त्याचा पुरावा हा भाडेकरूंचा कायमचा अडसर. नोंदणी केलेला भाडेकरार चालतो. वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, बँकेचं पासबुक, आधार, पासपोर्ट यांपैकी एखादं त्या पत्त्यावरचं असेल तरी चालतं. यातलं काहीच नसेल तर अर्ज आपोआप बाद होत नाही; प्रत्यक्ष येऊन खातरजमा करणं अधिकाऱ्यांचं काम आहे. अगदी फुटपाथवर राहणाऱ्या माणसाचीही नोंद होऊ शकते, त्यासाठी कर्मचारी रात्री येऊन तो तिथेच झोपतो ना, हे पाहतात. घरमालकांची समजूत मात्र तुम्हाला काढावी लागेल. ‘भाडेकरूचं नाव यादीत गेलं की तो घरावर हक्क सांगेल’ ही भीती अजून आहे. मतदार यादीतल्या नावाने घराची मालकी मिळत नाही, हे शांतपणे, दोनदा सांगायचं.

वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना निवड आहे : गावच्या घरी नाव ठेवावं किंवा शिकतात तिथे आणावं. पुण्यात बीड-नांदेडची मुलं मला विचारतात की काय करू. मी विचारतो, मतदानाला गावी जाशील का खरंच? एसटीचं भाडं आणि दोन दिवस यांचा हिशोब मनाशी करून जे उत्तर येईल ते खरं.

परदेशात असलेल्यांसाठी फॉर्म ६अ आहे. नाव लागतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन इथे यावं लागतं. त्यामुळे तिकडच्या भाच्याला फॉर्म भरायला लावण्यात फार वेळ घालवू नका.

पायरी चौथी : बीएलओशी ओळख

प्रत्येक भागाला एक मतदान केंद्रस्तरीय अधिकारी असतो, सगळे बीएलओच म्हणतात. बहुतेकदा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका. शाळा किंवा अंगणवाडी सांभाळून ही जादा जबाबदारी. त्यांच्याशी बोलताना हे आठवलं तरी अर्धं काम होतं.

लोक इथे एक चूक करतात. उत्साहाने साठ फॉर्म भरून घेतात आणि गठ्ठा घेऊन निवडणूक शाखेत जातात. असे गठ्ठ्याने आणलेले अर्ज घेतले जात नाहीत. माणूस स्वतःचा आणि आपल्या घरच्यांचा अर्ज देऊ शकतो. आम्हीही एकदा असा गठ्ठा परत घेऊन आलो आहोत. त्याऐवजी बीएलओंना विचारून एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये शिबिर लावा. टेबल, खुर्च्या, पंखा, झेरॉक्सची सोय, चहा. लोकांनी आपापला मोबाइल आणायचा, कारण ऑनलाइन अर्जाला ओटीपी त्यावरच येतो. अर्ज झाला की त्याचा संदर्भ क्रमांक वहीत लिहून घ्या आणि तीन आठवड्यांनी त्याचं काय झालं ते बघा. ‘फॉर्म भरला होता’ असं म्हणत मतदानाच्या दिवशी परत फिरणारी माणसं मी फार पाहिली आहेत. भरल्यानंतर कुणी मागे वळून बघितलेलं नसतं.

वेळेचं भान ठेवा. विधानसभा-लोकसभेला उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत आलेले अर्जच त्या निवडणुकीसाठी निकाली निघतात. महापालिका, जिल्हा परिषदेचं गणित आणखी वेगळं. तिथे राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेची घेतो आणि प्रभागांत फोडतो. १५ जानेवारी २०२६च्या महापालिका निवडणुकांना १ जुलै २०२५ची यादी होती. ज्यांनी दिवाळीत नाव नोंदवलं त्यांना जानेवारीत मत देता आलं नाही, आणि ते तावातावाने आमच्याकडे आले.

पायरी पाचवी : दार वाजवा

निवडणुकीच्या आधीचे दोन-तीन आठवडे यासाठी ठेवा. पत्रकं, बॅनर, प्रभातफेरी, सेल्फी पॉइंट या सगळ्याचा मला फारसा उपयोग दिसलेला नाही. प्रभातफेरीत मुलांचे गळे बसतात, बाकी कुणाचं काही बदलत नाही. माणसाने माणसाशी बोलावं. १९९८ साली अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात येल विद्यापीठाच्या ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी यावर प्रयोगच केला होता : काही घरांना पत्रं, काहींना फोन, काहींच्या दारात माणूस. दारात जाऊन ज्यांच्याशी बोलणं झालं, त्यांच्यात मतदान शंभरामागे आठ-नऊंनी वाढलं. फोनने काही फरक पडला नाही. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या कार्यकर्त्याने हे न मोजता सांगितलं असतं.

काय बोलायचं? ‘मतदान करणार ना?’ हा प्रश्न फुकट जातो. सगळे हो म्हणतात. त्याऐवजी असं :

‘मावशी, तुमचं केंद्र यंदा नगरपालिकेच्या शाळेत आहे, खोली क्रमांक तीन. सकाळी जाणार की जेवणं आटपून?’

‘बघू, स्वयंपाक झाला की.’

‘मग साडेदहाला निघा. समोरच्या काकूही तेव्हाच निघतायत, दोघी बरोबर जा.’

एवढंच. केव्हा, कुणाबरोबर, कसं जायचं हे तोंडून एकदा बाहेर पडलं की माणूस बहुधा जातो.

‘माझ्या एका मताने काय होतंय?’ हे प्रत्येक मजल्यावर ऐकाल. त्यावर भाषण देऊ नका, हिशोब सांगा. २०२४च्या लोकसभेला मुंबई वायव्यचा निकाल ४८ मतांनी लागला. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये फरक १६२चा होता आणि साकोलीत २०८चा. २०१७ला मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२०मध्ये दोन उमेदवारांना समान मतं पडली आणि नगरसेवक चिठ्ठी टाकून ठरला. ४८ म्हणजे आपल्या दोन मजल्यांची माणसं, असं म्हटलं की समोरचा जरा विचारात पडतो. उमेदवारांचं नाव-पक्ष सांगू नका, नाहीतर गाडी भलत्याच रुळावर जाते.

‘सगळे चोर आहेत’ यावर वाद घालत बसू नका. वरीलपैकी कुणीही नाही, म्हणजे नोटाचं बटण २०१३पासून आहे, तेवढं सांगा. २०१९ला लातूर ग्रामीणमध्ये नोटाला २७,५०० मतं पडली आणि ते दुसऱ्या क्रमांकावर आलं. घरी बसलेल्याचा राग कुठेच मोजला जात नाही.

आणि तुम्हाला कुणाला मत देणार हे विचारलं, तर सांगू नका. ‘ते माझं गुपित, तुमचं तुमचं’ म्हणून पुढच्या दाराकडे वळा.

पायरी सहावी : अडचणी आधीच मोडून ठेवा

वृद्ध आणि अपंगांपासून सुरू करा. लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरचे मतदार आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेले घरून मत देऊ शकतात. त्यासाठी फॉर्म १२ड, आणि तो अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. ही मुदत भुर्रकन जाते, म्हणून अशी नावं वहीत आधीच वेगळी लिहून ठेवा. एकदा घरून मतदानाचा पर्याय घेतला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. काही आजी-आजोबांना केंद्रावर जाणंच आवडतं. नवी नऊवारी नेसून रिक्षातून जाणाऱ्या ब्याण्णव वर्षांच्या आजींना घरून मत द्या म्हणणं हा मला तरी अपमान वाटला.

दृष्टिहीन किंवा स्वतः बटण दाबू न शकणाऱ्या मतदाराला सोबती नेता येतो. तो १८ वर्षांवरचा हवा आणि एका दिवसात त्याला एकाच मतदाराची सोबत करता येते. त्याच्याही उजव्या तर्जनीला शाई लागते. तेव्हा वस्तीतल्या चार आजींना एकच नातू पुरणार नाही.

सुट्टी. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देणं कायद्याने बंधनकारक आहे, रोजंदारीवरच्या माणसालाही. न देणाऱ्या मालकाला दंड आहे, फक्त तो पाचशे रुपयांपर्यंतच, त्यामुळे धाक कुणाला वाटत नाही. दुकानदारांना आधी भेटून ‘पोरांना पाळीपाळीने दोन तास सोडा’ एवढं कबूल करून घेतलेलं जास्त कामी येतं. आणि जरा आरशातही बघा. तुमच्या घरी धुणं-भांडी करणाऱ्या ताईंना त्या दिवशी सुट्टी आहे का? त्या सहा घरं करून अडीचला मोकळ्या होतात, मग स्वतःच्या घरचं पाणी भरतात. सहा घरांनी मिळून सुट्टी दिली तर एका बाईचं मत पडतं. ग्रुपवर तिरंगा टाकण्यापेक्षा हा मेसेज टाका.

ओळखपत्र नसलं तरी नाव यादीत असेल तर मत देता येतं. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, अपंगांचं युनिक कार्ड असे पर्याय चालतात. घरी आलेली मतदार चिठ्ठी ही ओळख म्हणून चालत नाही, ती फक्त केंद्र आणि अनुक्रमांक सांगते. उलट एक मेसेज दर निवडणुकीला फिरतो : यादीत नाव नसेल तर आधार दाखवून ‘चॅलेंज व्होट’ मागा. हे साफ खोटं आहे. यादीत नाव नाही, तर मत नाही. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर मात्र तुम्हाला कागदी मतपत्रिकेवर प्रदत्त मत देण्याचा हक्क आहे. तो मागायचा, दारातून परत फिरायचं नाही.

स्थानिक निवडणुकीत आणखी एक गोष्ट समजावून सांगावी लागते. मुंबई सोडून इतर महापालिकांत प्रभागात अनेक जागा असतात, बहुतेक ठिकाणी चार. म्हणजे चार मतं द्यायची, प्रत्येक जागेसाठी एक बटण. एखाद्या जागेवर कुणीच नको असेल तर तिथला नोटा दाबायचा. एक बटण दाबून बाहेर येणारे लोक मशीन अडवून ठेवतात आणि मागची रांग खोळंबते. वहीच्या पानावर चार चौकोन काढून दाखवलं की साठीच्या माणसालाही मिनिटात कळतं.

मतदानाचा दिवस

सगळ्यात आधी स्वतः मत द्या. सकाळी साडेसहाला चहा घेऊन केंद्रावर पोचा. पहिल्या तासात काय बिघडतं ते तुम्हाला तिथेच कळतं : कुठली खोली बदलली, रांग किती, पाणी आहे का, चाकाची खुर्ची कुठे ठेवली आहे.

त्यानंतर केंद्रापासून दूर व्हा. शंभर मीटरच्या आत प्रचाराला बंदी आहे. तुम्ही प्रचार करत नसलात तरी घोळका करून उभं राहिलात की पोलीस हटकणार, आणि बरोबरच आहे ते. आपलं काम इमारतीत आहे. अकरा, दोन आणि चार या तीन वेळांना वहीतली नावं बघा. कोण जाऊन आलं ते बोटावरून कळतं. (लोकसभा-विधानसभेची ही शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते आणि १९६२च्या निवडणुकीपासून वापरात आहे. साबणाने, लिंबाने, भांड्याच्या घासणीने जात नाही, मुलांनी सगळं करून पाहिलेलं असतं.) जे राहिलेत त्यांची बेल वाजवा, एकदाच. दुसऱ्यांदा गेलात तर पुढच्या वर्षी गणपतीची वर्गणीही मिळणार नाही.

कोण गेलं नाही त्यांची नावं फळ्यावर लावायची कल्पना कुणी ना कुणी मांडतंच. ती तिथेच थांबवा. मत न देणं हाही त्यांचा निर्णय असू शकतो, आणि लाजेने गेलेला माणूस पुढे चार वर्षं तुमच्याशी बोलत नाही.

वाहनांबद्दल सांभाळून. उमेदवाराच्या किंवा पक्षाच्या खर्चाने मतदारांना ने-आण करणं हा भ्रष्ट आचार आहे. शेजाऱ्याने शेजारच्या आजींना आपल्या स्कूटरवर नेलं तर त्यात काही वावगं नाही. पण ‘भाऊंनी गाडी पाठवलीय’ म्हणून कुणी आलं, तर त्या गाडीत आपल्या वहीतली माणसं बसवू नका. तेच वडापाव, पैसे, साड्या यांचं. आपण नुसता चहा पाजला तरी लोक विचारतात की कुणाकडून?

मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. २०२४च्या मे महिन्यात उन्हात तासभर रांगेत उभं राहून दारात पोचलेली माणसं मोबाइल हातात दिसला म्हणून मागे फिरवली गेली, आणि त्यांतली काही पुन्हा आलीच नाहीत. तेव्हा चौघांपैकी एकाने लांब, शंभर मीटरच्या बाहेर, ओळखीच्या दुकानात बसून फक्त मोबाइल सांभाळावेत. कागदाच्या तुकड्यावर नाव, रबरबँड, पिशवी. हे दिवसभरातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी काम.

दुपारी एक ते तीन केंद्रं ओस असतात. रांगेला घाबरणाऱ्यांना, गुडघे दुखणाऱ्यांना हीच वेळ सांगा. ज्येष्ठांना आणि तान्ह्या मुलाच्या आईला रांगेत उभं राहावं लागत नाही, पण हे त्यांना माहीत नसतं आणि विचारायचा संकोच वाटतो. रांगेतल्या कुणीतरी मोठ्याने ‘आजींना पुढे जाऊ द्या’ म्हटलं की वाट होते.

शेवटचा अर्धा तास धावपळीचा. विधानसभेला सहाची वेळ होती, महापालिकेला साडेपाचची. आपल्या निवडणुकीची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवा. वेळ संपताना जे रांगेत उभे आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं. रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत येतात. तेव्हा पाच पन्नासला ऑफिसातून धापा टाकत आलेल्याला ‘आता काय उपयोग’ म्हणू देऊ नका, पळवा त्याला.

दुसऱ्या दिवशी

निकालाची वाट बघण्याआधी वही उघडा. ज्यांचं नाव सापडलं नाही, ज्यांच्या नावावर दुसरंच कुणी मत देऊन गेलं, ज्यांचं केंद्र चुकलं, त्यांच्या नोंदी अजून ताज्या आहेत आणि त्यांचा रागही. त्याच आठवड्यात त्यांच्याकडून फॉर्म ६ किंवा ८ भरून घ्या. महिन्याभराने तेच लोक ‘बघू पुढच्या वेळी’ म्हणतील. केंद्र तिसऱ्या मजल्यावर होतं, उतार नव्हता, पंखे बंद होते, तर तेही तारखेसह लिहून निवडणूक शाखेत द्या आणि पोच घ्या. मुंबई, पुणे, ठाण्यात काही मोठ्या सोसायट्यांच्या आवारात केंद्रं आली आहेत. तुमच्या आवारात तळमजल्यावर मोकळा हॉल असेल तर केंद्रांची फेररचना होण्याआधी तसं पत्र देऊन ठेवता येतं.

मग वही कपाटात टाका, पण वरच्या खणात. पुढची पात्रता तारीख तीन महिन्यांच्या आतच असते, आणि बी विंगमधल्या दोन मुली तेव्हा अठरा पूर्ण करतायत.